डाव्या हाताचे स्वल्पविराम

ब्लाझ, १२ मार्च २००७

स्मारांदा,

येशूची स्तुती असो. चार वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. मी मेलेली नाही आणि मरायच्या बेतातही नाही. गेल्या हिवाळ्यात चर्चच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरले तेव्हापासून गुडघा कुरकुरतो, एवढंच. तोपर्यंत तो घोड्याचा होता. बाकी सगळं चालू आहे. जीभ तर विशेषच.

लिहायचं कारण वेगळं आहे. तू हारलेममध्ये बसून एक लाजिरवाणी गोष्ट केली आहेस आणि ती ब्लाझपर्यंत येऊन पोचली आहे.

ग्लिगोर आठवतो? तुझ्या वर्गातला, तुझी वेणी बाकाला बांधणारा. त्याचा आता स्टेशनजवळ छापखाना आहे. लग्नपत्रिका, मयताच्या नोटिसा, निवडणुकीतली आश्वासनं, सगळं एकाच श्रद्धेने छापतो. मला शाळेत शिकवणाऱ्या नन, माइका येरोनिमा, यांचं प्रार्थनांचं पुस्तक आम्ही त्याच्याकडे दिलं आहे. सरकारने आपल्या चर्चवर बंदी घातली, मठाला टाळं लागलं, नन्सना घराबाहेर काढलं आणि माइका गोधड्या शिवून पोट भरू लागल्या, त्या वर्षांत रचलेल्या या प्रार्थना. त्या कधी छापल्या गेल्या नाहीत. टाइप केलेल्या कागदांवरून हातोहात फिरल्या. कोणी टाइप केल्या हे तुला माहीत आहे.

माइका आता ब्याण्णव वर्षांच्या आहेत. डावा डोळा गेला. उजवाही हिवाळ्यापर्यंतच साथ देईल, असं आल्बा युलियाच्या डॉक्टरने तोंडावर सांगितलं. त्यांची एकच इच्छा आहे. पंधरा ऑगस्टला, मारियामातेच्या सणाला, स्वतःच्या प्रार्थना छापील पुस्तकातून स्वतःच्या डोळ्यांनी वाचायच्या. एकदाच.

ग्लिगोरने त्यांच्यापुढे निरनिराळ्या फॉन्टांचे नमुने मांडले. माइकांनी एकेका कागदावरून भिंग फिरवलं आणि एकावर बोट ठेवलं.

"हा. यातली अक्षरं एकमेकांना ढकलत नाहीत. चर्चमधून शिस्तीत बाहेर पडणाऱ्या माणसांसारखी आहेत."

ग्लिगोर माझ्याकडे वळून दात काढून हसला. "दोआम्ना वेतुरिया, हा फॉन्ट कोणी काढलाय, ओळखा पाहू!"

खाली बारीक अक्षरांत तुझं नाव होतं. मला अभिमान वाटला हे कबूल करते. खुर्ची ओढून बसेपर्यंत टिकला. मग पहिलं पान मशिनातून बाहेर आलं.

त्यात ș आणि ț ही आपली दोन अक्षरं नव्हती. मशिनाने ती दुसऱ्या कुठल्यातरी फॉन्टातून उसनी आणून बसवली होती, काळी, जाड, जणू दुसऱ्याच्या कवळीतले दात. कुठे कुठे तर नुसता रिकामा चौकोन.

"तुझं मशीन बिघडलंय," मी म्हटलं.

"मशीन नाही बिघडलेलं. फॉन्टातच नाहीत. आइसलँडवाल्यांची अक्षरं आहेत, पोलंडवाल्यांची आहेत, तुर्कांचीसुद्धा आहेत. आपलीच दोन नाहीत. मी तो शेपटीवाला तुर्की एस लावू का? कुणाला कळतंय!"

"मला कळतंय. आपल्या अक्षराखाली स्वल्पविराम असतो, सुटा, पायाखालच्या सावलीसारखा. ती शेपटी नाही."

आता मला सांग. या दोन अक्षरांशिवाय आपल्या भाषेत साधं 'आणि' म्हणता येत नाही. प्रभूच्या प्रार्थनेच्या पहिल्याच वाक्यात दोन्ही लागतात. साऱ्या युरोपाची अक्षरं काढलीस आणि स्वतःच्या आईची विसरलीस? एस आणि टी तर तयारच आहेत. खाली फक्त एकेक स्वल्पविराम द्यायचा. नऊ वर्षांची असताना तू एका संध्याकाळी चार चार पानं करत होतीस.

काढ आणि ग्लिगोरला पाठव. सणाच्या आधी.

हे पत्र टपालाने पाठवते आहे, कारण ई-मेलने पाठवलं की माझं आडनाव प्रश्नचिन्हं होऊन पोचतं. मी पुश्काशिउ घराण्यातली आहे, प्रश्न नाही.

आई


ब्लाझ, १८ एप्रिल २००७

स्मारांदा,

ख्रिस्त उठला आहे. यावर 'खरोखर उठला आहे' असं उत्तर द्यायचं असतं. तू ट्युलिपचं पोस्टकार्ड पाठवलंस. "आई, दुसरा फॉन्ट घ्या. हजारो आहेत. स." चार वर्षांनंतर आईसाठी एवढेच शब्द! तुमच्याकडे टपालखात्यात शब्दागणिक दंड आहे का?

दुसरा घेतला. एक नाही, ग्लिगोरच्या कपाटात होते नव्हते ते सगळे. ज्यांत आपली अक्षरं आहेत ते माइकांना दिसत नाहीत. एकात सगळं पान राखाडी होतं, दुसऱ्यात अक्षरं मुंग्यांसारखी चालतात. शेवटी पुन्हा तुझाच लावला, उसन्या दातांसह. माइका भिंग घेऊन वाचायला बसल्या. पहिल्या ओळीत अडखळल्या, दुसरीत अडखळल्या. जिथे जिथे ते जाड काळं अक्षर आलं तिथे भिंग थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"वेतुरिया," त्या म्हणाल्या, "प्रत्येक शब्दात उंबरा आहे ग. देवापर्यंत पोचेपर्यंत माझा दम जाईल."

त्या हसल्या. मी हसले नाही.

ग्लिगोर दाराशी उभा होता. तो म्हणाला, "दोआम्ना, रागावू नका, पण स्मारांदा असं विसरणारी नाही. वर्गात माझ्या वहीतले राहिलेले स्वल्पविरामसुद्धा तीच द्यायची. ती अक्षरं तिने विसरून नाही सोडली."

मला हेच विचारायचं आहे. मग कशासाठी?

डच माणसाशी लग्न केलंस तेव्हा मी आले नाही, याचा राग असेल तर माझा गुडघा दुखत होता. त्याआधीच्या ईस्टरला स्वयंपाकघरात जे बोलणं झालं त्याचा राग असेल, तर ते तूच सुरू केलंस. "बाकीच्या मुलींना बाहुल्या मिळाल्या, मला स्वल्पविराम मिळाले," असं तू केक कापता कापता म्हणालीस, भरल्या टेबलावर, पाहुण्यांसमोर. मग मी म्हटलं, "तर जा, बिनस्वल्पविरामांच्या देशात राहा." बोलणाऱ्याला बोलणं परत मिळतं. आम्हाला नन्सनी हेच शिकवलं.

पण तू त्या दिवसांबद्दल असं बोलतेस जणू मी तुला खाणीत पाठवत होते. मला तर ते दिवस वेगळेच आठवतात.

टाइपरायटर घरात ठेवायला तेव्हा परवाना लागायचा. दर हिवाळ्यात तो मिलिशियाच्या ठाण्यात न्यायचा, कॅप्टनसमोर बसून नमुन्याचं पान टाइप करून द्यायचं. कुठे चोरटा कागद सापडला की अक्षरं ताडून बघता यावीत म्हणून. आपलं मशीन जड. मी ते घोंगडीत गुंडाळून तुझ्या घसरगाडीवर बांधायची आणि आपण दोघी ती बर्फातून ओढत न्यायचो. रस्त्यात बायका विचारायच्या, "बाळ किती महिन्यांचं?" तू किती हसायचीस!

आपल्या मशिनाच्या त्या दोन अक्षरांचे स्वल्पविराम मोडके होते. आंधळ्यानेसुद्धा ओळखले असते. म्हणून माइकांच्या प्रार्थना मी त्या दोन किल्ल्या न वापरता टाइप करायची आणि स्वल्पविराम शाईने हाताने द्यायचे. माझा हात थरथरायचा. तुझा नाही. शाळेत तुला उजव्या हाताने लिहायला लावत, म्हणून घरी तू डाव्याने द्यायचीस. डाव्या हाताचा स्वल्पविराम कॅप्टनच्या बापालाही सापडला नसता. ठाण्यात तेवढं एकच पथ्य असायचं, आत शेगडी कितीही भडकलेली असली तरी तुझे हातमोजे काढायचे नाहीत. बोटांवर शाई असायची ना.

त्या हाताने दिलेल्या स्वल्पविरामांनी या गावात कितीतरी माणसं प्रार्थना म्हणत मेली. सुखाने मेली. हे काय वाईट झालं?

मे संपायच्या आत उत्तर दे. पोस्टकार्ड नको.

आई


ब्लाझ, ३ जून २००७

स्मारांदा,

तुझं पत्र आलं. वाचलं. त्यावर एक उत्तर लिहिलं आणि चुलीत घातलं. हे दुसरं आहे.

तू लिहितेस, "तुझ्या आठवणीत घसरगाडी आहे, माझ्या आठवणीत हातमोजे आहेत." लोकरीच्या आत घाम यायचा आणि वाटायचं, शाई ओली होऊन बाहेर झिरपतेय, कॅप्टनला दिसतेय. मला हे ठाऊक नव्हतं. तू गप्प बसायचीस. मला वाटायचं, किती समंजस पोर.

तू लिहितेस, ग्लिगोर वाढदिवसाचा केक घेऊन फाटकाशी आला आणि मी त्याला सांगितलं, तुला गोवर निघालाय. सांगितलं असेन. टेबलावर पानं वाळत पडली असतील. आत कसं घेणार?

आणि तू लिहितेस की बाकी सगळी अक्षरं काढून झाली, तेव्हा राहिलेल्या या दोन्हींसाठी तू कितीदा बसलीस. एस तयार, टी तयार. मग पेन डाव्या हातात घेतलं की कान जिन्याकडे जातात. आपली तिसरी पायरी करकरते. हारलेमच्या घराला जिनाच नाही, तरी ती करकरते. शेवटी तू तुमच्या कार्यशाळेत सांगितलंस की ही अक्षरं लागणार नाहीत, तिकडे हा फॉन्ट कोण विकत घेणार.

मी हे पत्र माइकांना वाचून दाखवलं. सगळं दाखवायचं नव्हतं, पण त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, कानांनी जास्त. मी एक ओळ गाळली तर म्हणाल्या, "मागे जा. काहीतरी सांडलंस."

पत्र संपलं. त्यांनी विचारलं, "स्वल्पविराम कोण देत होतं?"

"स्मारांदा."

"मला वाटायचं, तूच देतेस. कितीची होती?"

"सुरू केलं तेव्हा नऊची."

माइकांनी उजवा डोळा माझ्यावर रोखला. शाळेत चुकल्यावर त्या ओरडायच्या नाहीत, अशाच बघायच्या. पासष्ट वर्षांनीही माझे कान तापले.

मग त्यांनी भिंग टेबलावर पालथं ठेवलं. "ग्लिगोरला सांग, दुसरा कुठलाही फॉन्ट लाव."

"पण तो तुम्हाला वाचता येणार नाही!"

"मला पाठ आहेत. मीच रचल्यात, मूर्ख मुली."

"माइका, तुमची इच्छा..."

"माझी इच्छा मी बघीन. त्या पोरीचा हात सोड आता."

तर त्यांची आज्ञा आहे म्हणून कळवते. तू मोकळी आहेस. काही काढू नकोस, काही पाठवू नकोस. ग्लिगोरने तो राखाडी फॉन्ट लावायला घेतला आहे. पुस्तक सणाला निघेल. माइका ते हातात धरतील आणि पाठ म्हणतील, आणि लोकांना वाटेल वाचताहेत.

आणखी एक. तिसरी पायरी मी त्या वेळी मुद्दाम दुरुस्त करून घेतली नव्हती. ती आपला कुत्रा होती. कोणी चढू लागलं की आधी ती ओरडायची आणि पानं पिठाच्या डब्यात टाकायला आपल्याला वेळ मिळायचा. नंतर राज्य बदललं, मिलिशिया गेली, कॅप्टन म्हातारा होऊन बागेत बुद्धिबळ खेळायला लागला, तरी मी ती तशीच ठेवली. मला तिची सवय झाली होती. तुला झाली नव्हती, हे कधी डोक्यात आलं नाही.

काल सुतार बोलावला. त्याने फळी काढली, खाली पाचर ठोकली, पुन्हा बसवली. मी चारदा चढून उतरले, या गुडघ्याने. "बाई, झालं समाधान की अजून नाचायचंय?" तो म्हणाला.

ती आता गप्प आहे. एवढंच सांगायचं होतं.

आई


ब्लाझ, २० जुलै २००७

स्मारांदा,

हे पत्र हाताचं नाही, बघितलंसच. ग्लिगोरच्या दुकानात त्याच्या कॉम्प्युटरवर टाइप करते आहे. त्याने यंदाच नवीन मशीन घेतलं, आणि त्यात आपला कीबोर्ड आहे. म्हणजे बटणांवर छापलंय इंग्रजांचं, पण आत राहणारे आपले. अर्धविरामाच्या किल्लीवर ș, तिच्या शेजारच्या किल्लीवर ț. मी औषधाच्या चिकटपट्टीचे तुकडे कापून त्यांवर नावं लिहून चिकटवली. ग्लिगोर म्हणतो, दुकानाची शोभा गेली. कुठली शोभा, ते मी विचारलं नाही. दर दोन मिनिटांनी ओरडतो, "दोआम्ना, एवढ्या जोरात नका बडवू! मिलिशियाला ऐकू जायची आता गरज नाही!"

आता नीट सांगते, तुला ठाऊक नसलेला भाग.

मंगळवारी मी बाल्कनीत वांगी भाजत होते. धुरातून बघते तो ग्लिगोर रस्त्यातून धावत येतोय, ते पोट घेऊन. खालूनच ओरडला, "आलीत! दोन्ही आलीत! छोटीही, मोठीही!" शेजारच्या खिडकीतून बाई म्हणाली, "अभिनंदन, जुळी का?"

मी वांगी तशीच टाकली. कोळसा झाला त्यांचा. दुकानात पोचले तर पडद्यावर तुझी ओळ होती. "आई, तिसरी पायरी गप्प झाली, म्हणून."

ग्लिगोरने माझ्याकडे पाहिलं. "कुठली पायरी?"

"तुझ्या कामाची नाही. छाप."

त्याने प्रभूची प्रार्थना छापली, एकच पान. मी भिंग घेतलं. आधी शिक्षिकेसारखं तपासलं, म्हणजे चूक सापडावी म्हणूनच. एस बरोबर, टी बरोबर. मग खाली गेले.

लोकांचे स्वल्पविराम उजवीकडून डावीकडे झुकत खाली येतात. तुझा जवळजवळ सरळ आहे, आणि टोकाशी जरासा उलटा वळतो, मागे वळून बघितल्यासारखा. अगदी जरासा. माणसाला कळणार नाही, फक्त पान आवडेल. मला कळलं. ज्या हजारो पानांवर मी तो पाहिला आहे, ती सगळी लोकांच्या गाद्यांखाली, शवपेट्यांत आणि चुलींत गेली. मला वाटलं होतं, त्यातलं एकही उरलं नाही.

मी ग्लिगोरसमोर रडले नाही. डोळ्यात शाई गेली. लेझर प्रिंटरला ओली शाई नसते असं तो म्हणाला, तर मी त्याला गप्प बसायला सांगितलं. मग त्याला गोवराचं सांगितलं. तो टेबलावर बसला. "म्हणजे तिला गोवर झालाच नव्हता? मला वाटलं, मी आवडत नाही म्हणून घरात घेतलं नाही! केक मी पुलावर बसून एकट्याने खाल्ला." त्याने तुला लिहायला सांगितलंय की आता त्या केकची भरपाई हवी.

संध्याकाळी पान घेऊन माइकांकडे गेलो. कागद त्यांच्या हातात दिला आणि दिवा जवळ सरकवला. त्यांनी भिंग ठेवलं आणि वाचू लागल्या. भिंग पहिल्या ओळीवरून सरकलं, दुसरीवरून सरकलं. कुठे थांबलं नाही, मागे गेलं नाही. शेवटच्या शब्दापर्यंत पोचल्या आणि सवयीने पान उलटायला गेल्या. मागची बाजू कोरी होती.

"बाकीचं कुठंय?" त्यांनी दरडावून विचारलं.

"सणाला, माइका."

"उंबरे कोणी काढले?"

"स्मारांदाने."

"तू हात सोडल्यावर की आधी?"

"सोडल्यावर."

"असंच असतं," म्हणाल्या, आणि तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या.

तर पंधरा ऑगस्टला पुस्तक आहे. गावचे सगळे येतील. डच माणसालाही आण, मी आलुबुखाराचे गोळे करीन. पिठात बटाटा कमी घालीन, म्हणजे परदेशी पोटालाही सोसतील. त्याला काय म्हणून हाक मारायची तेही कळव, 'तो डच' असं तोंडावर म्हणता येणार नाही. तुझ्या लग्नाला मी का आले नाही, ते मी त्याला स्वतः सांगीन, आणि त्यात गुडघ्याचं नाव येणार नाही.

इथपर्यंतचं पत्र छापून होईतो रात्र झाली, आणि मी जुन्या सवयीने पेन उचललं आणि पान पुढे ओढलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. द्यायचा राहिलेला एकही स्वल्पविराम सापडला नाही. सगळे जागच्या जागी होते, तुझ्या हाताचे, आणि तू तिकडे झोपली असशील.

म्हणून म्हणते, स्मारांदित्सा, येताना पेन आणू नकोस. टेबलावर तुझ्यासाठी काही मांडलेलं नसेल, फक्त ताट. जिन्यावरून सावकाश चढ. आणि इथे ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं, हातमोजे लागत नाहीत.

आई